खिळे जुळवणारा उपदेशक

यवतमाळात ‘प्रेस’ म्हटलं की डोळ्यांपुढे कापूस येतो. जिनात सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये जाते, दाबली जाते आणि गठाण बांधून बाहेर पडते. वणीला विचारा, दारव्ह्याला विचारा, पांढरकवड्याला विचारा, प्रेस म्हणजे हेच. कागदावर अक्षरं दाबणाऱ्या यंत्रासाठी आपल्याकडे ‘छापखाना’ हा वेगळा शब्द आहे. दोन्ही यंत्रांचा जीव मात्र एकाच गोष्टीत असायचा. मधोमध जाड मळसूत्र, त्याला आडवा दांडा, तो ओढला की वरची फळी खाली येऊन दाब बसायचा. लाकडी छापयंत्र अगदी असंच चाले. मराठीतली सुरुवातीची छापील व्याकरणं, कोश आणि गोष्टींची पुस्तकं त्याच जातीच्या यंत्रावर आणि तेही महाराष्ट्राबाहेर, हुगळी नदीच्या काठी निघाली. ते यंत्र चालवणारा माणूस सुताराचा मुलगा होता, कसबी मुद्रक होता आणि बाप्टिस्ट पंथाचा उपदेशक होता. त्याचं नाव विल्यम वॉर्ड.

यवतमाळात बसून वॉर्डची आठवण काढायला कारण आहे. १९३८ साली फ्री मेथडिस्ट मिशनने इथे मराठीतून धर्मशिक्षण देणारी एक शाळा सुरू केली. १९५३ मध्ये अनेक पंथांनी एकत्र येऊन तिचं ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ हे मोठं विद्यालय केलं. तीस वर्षं ते यवतमाळात होतं आणि १९८३ साली पुण्याला गेलं. भारताच्या कानाकोपऱ्यांतून तरुण या कापसाच्या गावात शिकायला येत. हे विद्यालय संलग्न आहे ते सेरामपूरच्या विद्यापीठाशी, आणि सेरामपूरचं कॉलेज १८१८ साली ज्या तिघांनी काढलं त्यांतला एक वॉर्ड. त्या कॉलेजासाठी झोळी घेऊन तो विलायतेत आणि अमेरिकेत दारोदार फिरला होता.

तिघांपैकी विल्यम कॅरीचं नाव मराठी वाचकाला माहीत असतं. व्याकरणकार, कोशकार, बायबलचा भाषांतरकार म्हणून तो वाङ्मयाच्या इतिहासात येतो. शाळा चालवणारा जोशुआ मार्शमनही अधूनमधून भेटतो. वॉर्ड बहुधा ‘इत्यादी’ मध्ये जातो. मला हे खटकतं. पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर राहतं. ज्याने ते पुस्तक होऊ शकेल अशी अक्षरं ओतून घेतली, जुळारी तयार केले, कागद केला, शाई उकळली आणि आग लागल्यावर राखेतून पुन्हा सगळं उभं केलं, त्याच्याबद्दलही कुणी सविस्तर बोललं पाहिजे.

वॉर्डचा जन्म इंग्लंडमधल्या डर्बी गावी २० ऑक्टोबर १७६९ चा. बाप सुतारकाम आणि बांधकाम करणारा. तो लवकर गेला आणि आईनं मुलाला वाढवलं. शाळा संपल्यावर डर्बीतल्या ड्रूरी नावाच्या मुद्रकाकडे त्याला उमेदवारीला ठेवलं. खिळे जुळवणं, प्रुफं तपासणं, फर्मा आवळणं इथपासून सुरुवात करून तो त्याच गावच्या ‘डर्बी मर्क्युरी’ या वर्तमानपत्राचा संपादक झाला. मग स्टॅफर्ड, मग हल. फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली होती आणि वॉर्डचा कल उघडपणे सुधारकांकडे होता. १७९२ साली डर्बीच्या एका राजकीय मंडळाने काढलेल्या जाहीरनाम्यावरून लंडनच्या एका वर्तमानपत्रावर खटला झाला. तो जाहीरनामा वॉर्डच्या लेखणीतून उतरला असं मानलं जातं. आरोपी निर्दोष सुटले, पण छापलेल्या शब्दाला सरकार किती घाबरतं हे त्या तरुणाने तेव्हाच पाहिलं.

१७९३ साली कॅरी भारताकडे निघण्याच्या बेतात असताना दोघांची गाठ पडली. आपल्याला पुढेमागे बायबल छापायला मुद्रक लागेल, तेव्हा तू ये, असं कॅरी बोलून गेला. कॅरी स्वतः चांभारकाम करून पोट भरलेला माणूस, म्हणून हाताच्या कसबाची किंमत त्याला ठाऊक होती. वॉर्डनं ते वाक्य मनात ठेवलं. १७९६ मध्ये हल इथे त्याने बाप्तिस्मा घेतला, चांगलं चालणारं संपादकपद सोडलं आणि वर्षभर धर्मशिक्षण घेतलं. मे १७९९ मध्ये तो ‘क्रायटेरियन’ या अमेरिकन जहाजात बसला.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मावरून लोक बिथरले तर व्यापार बुडेल ही तिची भीती होती. म्हणून वॉर्ड आणि त्याच्याबरोबरची मिशनरी मंडळी कलकत्त्याला न उतरता पंधराएक मैल वर, हुगळीच्या पश्चिम तीरावरच्या सेरामपूरला गेली. तिथे डेन्मार्कच्या राजाचं राज्य होतं आणि तिथल्या गव्हर्नरने त्यांना आसरा दिला. १३ ऑक्टोबर १७९९ रोजी वॉर्ड तिथे उतरला. (जुन्या पुस्तकांवर या गावाचं नाव ‘श्रीरामपूर’ असं येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर ते नव्हे. या नावावरून मराठी वाचकांचा आजही गोंधळ होतो.) जानेवारी १८०० मध्ये कॅरी आपलं बिऱ्हाड आणि एक लाकडी छापयंत्र घेऊन तिथे आला. हे यंत्र आधी मालदा भागात मदनाबाटी नावाच्या खेड्यात पडून होतं. त्याच्याभोवती कॅरीची चाललेली धावपळ आणि आनंद पाहून गावकऱ्यांनी त्याला साहेबांचा देव म्हटलं होतं. या यंत्राला खरा पुजारी सेरामपुरात मिळाला.

मार्चमध्ये काम सुरू झालं. बंगाली बायबलचं पहिलं पान वॉर्डने स्वतःच्या हातांनी जुळवलं. भाषा नवी, लिपी नवी, जोडाक्षरांचं रान, आणि खिळ्यावरचं अक्षर नेहमीप्रमाणे उलटं. नव्या करारात मत्तयापासून प्रकटीकरणापर्यंत सत्तावीस पुस्तकं. ती सगळी नऊएक महिन्यांत जुळवून फेब्रुवारी १८०१ मध्ये छापून झाली. बंगालीत बोलायला तो शिकला तेही याच कामातून. खिळे जुळवता जुळवता शब्द तोंडात बसले आणि मग तो बाजारात उभा राहून बोलू लागला.

त्याचं उपदेश करणं चौकात चाले, झाडाखाली चाले, नावेत चाले. मिशनकडे बाप्तिस्मा घ्यायला पुढे आलेला पहिला बंगाली माणूस म्हणजे कृष्ण पाल, धंद्याने सुतार. खांदा निखळला म्हणून मिशनच्या डॉक्टरला बोलावणं गेलं आणि त्यातून ओळख झाली. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. सेरामपूरच्या मंडळींनी एक शहाणपण दाखवलं. ख्रिस्ती झालेल्या माणसाचं नाव त्यांनी बदललं नाही. कृष्ण हा कृष्णच राहिला. १८०३ मध्ये गोकुळ नावाचा ख्रिस्ती माणूस वारला तेव्हा त्याची शवपेटी चौघांनी खांद्यावर घेतली. त्यांत मार्शमन होता, कॅरीचा मुलगा फेलिक्स होता, जन्माने ब्राह्मण असलेला भैरव होता आणि जन्माने मुसलमान असलेला पिरू होता. त्या काळात हे दृश्य पाहायला सगळं गाव लोटलं असेल यात नवल नाही.

घरातला कारभारही वेगळाच होता. सगळ्यांची मिळकत एका पेटीत जमा होई, सगळे एका पंगतीला जेवत, खर्चाला प्रत्येकाला बेताची रक्कम मिळे. कॅरीचा कलकत्त्याच्या कॉलेजातला पगार, मार्शमनच्या शाळेची फी आणि वॉर्डच्या छापखान्याची कमाई, या तीन मोटांवर सगळा मळा भिजे. १८०५ मध्ये या बिऱ्हाडाने आपल्यासाठी नियम लिहून काढले, त्यांचा मसुदा वॉर्डचा.

आता मराठीकडे येतो. १८०३ साल वऱ्हाडाच्या इतिहासात ठळक आहे. २९ नोव्हेंबरला कंपनी आणि मराठे यांच्यात अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. आजचा यवतमाळ जिल्हा वर्धेच्या याच बाजूला. तो निजामाच्या पदरात गेला. याच युद्धामुळे कंपनीला एक गोष्ट कळून चुकली. मराठ्यांचा एवढा मुलूख हाताशी आला, दरबारात वकील बसवायचे, कागद वाचायचे, वसुली करायची, तर मराठी येणारे गोरे अंमलदार हवेत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली आणि संस्कृत शिकवत होताच, त्यात मराठीची भर पडली. त्याच्या हाताशी वैजनाथ शर्मा नावाचे मराठी पंडित होते. शिकवायचं तर पुस्तक हवं. पुस्तक हवं तर खिळे हवेत. इथे वॉर्डचा कारखाना येतो.

१८०५ साली कॅरीचं मराठी व्याकरण सेरामपूरला छापलं गेलं. ते देवनागरी खिळ्यांत आहे. हे देवनागरी खिळे कसे झाले, ती हकिगत सांगण्यासारखी आहे. पंचानन कर्मकार नावाचा लोहार होता. १७७८ मध्ये हुगळीला बंगाली खिळ्यांत छापलेलं पहिलं व्याकरण निघालं, तेव्हा चार्ल्स विल्किन्स या इंग्रजाच्या हाताखाली तो अक्षरांचे ठसे कोरायला शिकला. त्याला सेरामपूरला आणलं. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, कांडी तापवून पाणी द्यायचं, मग ती तांब्याच्या तुकड्यावर ठोकून सुलटा खळगा करायचा. हा खळगा म्हणजे मातृका. हातातल्या साच्यात मातृका बसवून वरून शिसं ओतलं की खिळा तयार. रोमन लिपीला मोठी आणि लहान अक्षरं धरून शंभराच्या आत ठसे पुरतात. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं सगळं धरून सुमारे सातशे ठसे लागणार होते. काम अर्ध्यावर असताना पंचानन वारला. ते त्याच्या जावयाने, मनोहरने पुरं केलं. आपण आज जे ‘बाळबोध’ म्हणून वाचतो, त्याच्या छापील घराण्याचे हे दोन मूळपुरुष बंगाली लोहार आहेत.

पण महाराष्ट्रात तेव्हा व्यवहार चाले तो मोडीत. जमाबंदी मोडीत, खरेदीखत मोडीत, सावकाराची वही मोडीत, घरची पत्रं मोडीत. आजही वऱ्हाडातल्या जुन्या देशमुखी वाड्यांत फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे रुमाल निघतात आणि घरातल्या कुणालाही ते वाचता येत नाहीत. कंपनीच्या अंमलदाराला मराठी येऊन भागणार नव्हतं, त्याला मोडी डोळ्यांना सरावाची व्हायला हवी होती. म्हणून सेरामपूरला मोडीचे खिळे पाडले गेले.

हे काम किती अवघड, ते बोरू हाती धरलेल्या माणसाला कळेल. मोडी लिहिताना आधी कागदभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरामागून अक्षर पळवत नेतात. अक्षर मागच्यात गुंततं, पुढच्याला हात देतं. लिपीचा सगळा गुण तिच्या धावण्यात आहे. खिळा हा स्वभावाने उलट. प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनी खांबावर एकटं उभं राहणार, शेजाऱ्याला भिडेल पण त्यात शिरणार नाही. पळत्या लिपीला उभं करायचं, आणि तरी ती वाचणाऱ्याला आपली वाटली पाहिजे. १८१० साली कॅरीचा मराठी कोश निघाला तो मोडी खिळ्यांत. पाठोपाठ १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तीशी’, १८१५ मध्ये ‘हितोपदेश’, मग ‘राजा प्रतापादित्याचं चरित्र’ आणि ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ अशी मोडीतली पुस्तकं आली. ही वंशावळी मला विशेष महत्त्वाची वाटते. ज्या घराण्याने थोड्याच वर्षांपूर्वी यवतमाळचा मुलूख गमावला, त्याची कुळकथा त्याच युद्धातून जन्मलेल्या गरजेपायी, नागपूरपासून शेकडो कोस दूर, हुगळीच्या काठावर छापली गेली.

हे सगळं घडत होतं तेव्हा मराठी मुलखातही छपाईची धडपड होतीच. नाना फडणीसांनी गीता छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून घ्यायला सुरुवात केली होती, ती पुढे १८०५ मध्ये मिरजेला पुरी झाली. तंजावरला सरफोजी राजांनी छापखाना घातला आणि तिथून मराठी पुस्तकं काढली. पण मिरजेच्या पत्र्यावर कोरलेलं पान तेवढ्या एका पानाचंच असतं. खिळा सुटा असतो, आज या पुस्तकात आणि उद्या त्या. सेरामपूरचं मोठेपण या सुटेपणात आणि त्याच्या मागच्या शिस्तीत होतं, आणि ती शिस्त वॉर्डची होती.

१८११ च्या सुमारास वॉर्डने एका नातेवाइकाला आपल्या छापखान्याचं वर्णन लिहून पाठवलं. त्यातलं चित्र असं. आत शिरताच एका लहान खोलीत साध्या कपड्यांत तो स्वतः वाचत-लिहीत बसलेला. तिथून एकशे सत्तर फुटांहून लांब दालन नजरेच्या टप्प्यात. एकीकडे पंडित भाषांतरं तपासताहेत. पुढे खिळ्यांच्या केसी मांडलेल्या, अरबी, फारसी, नागरी, तेलुगू, पंजाबी, बंगाली, मराठी, चिनी, ओडिया, ब्रह्मी, कानडी, ग्रीक, हिब्रू आणि इंग्रजी. नागरी आणि मराठी अशी दोन वेगळी नावं त्याने लिहिली आहेत, त्यावरून मराठी म्हणजे मोडी हे उघड आहे. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती जुळारी शेजारी शेजारी बसून खिळे जुळवताहेत, चुका दुरुस्त करताहेत, छापून झालेले खिळे सोडवून पुन्हा घरात टाकताहेत. पलीकडे चौघे जण यंत्रावर कागद ओढताहेत. त्याच्या पलीकडे बांधणीवाले. आणि बाहेर खिळे ओतणारे, शाईचं तेल कढवणारे, कागद करणारे.

कागदाचंही सांगायला हवं. देशी कागदाला खळ लावत, ती तांदळाची असली की कसरीला मेजवानी. पहिलं पान छापून शेवटचं पान यायच्या आत पहिल्याला भोकं पडलेली असत. म्हणून त्यांनी स्वतःचा कागद केला, कीड न लागणारा. ‘सेरामपुरी कागद’ हे नाव पुढे बंगालभर झालं. १८२० साली कागदाच्या कारखान्यासाठी विलायतेहून बारा अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आलं. त्याआधी तिथे माणसं पायांनी चक्र फिरवत आणि त्यात एकाचा जीव गेला, म्हणून हे इंजिन मागवलं. वॉर्ड तेव्हा परदेशी होता. ते इंजिन पाहून टिटागढच्या गोलोकचंद्र नावाच्या लोहाराने कुणा साहेबाची मदत न घेता स्वतःचं वाफेचं इंजिन बनवलं आणि १८२८ मध्ये कलकत्त्याच्या प्रदर्शनात पन्नास रुपयांचं बक्षीस मिळवलं. पंचानन, मनोहर आणि गोलोकचंद्र हे सगळे आपल्याच मातीतले कारागीर. सेरामपूर त्यांच्या खांद्यावर उभं होतं हे वॉर्डला माहीत होतं, कारण तो स्वतः त्यांच्यात उठबस करणारा होता.

छापखान्याला सरकारचा जाच व्हायचाच. १८०७ साली मुसलमानांच्या पैगंबराविषयी अनुदार मजकूर असलेली एक फारसी पुस्तिका सेरामपुरातून बाहेर पडली. मजकूर वाईटच होता आणि त्या मंडळींनीही माफी मागितली. पण कंपनीने छापखानाच कलकत्त्याला, आपल्या डोळ्यांसमोर हलवा असं फर्मान काढलं. डेन्मार्कचा गव्हर्नर आडवा उभा राहिला आणि शेवटी गव्हर्नर जनरल मिंटोने माघार घेतली. डर्बीचा जुना खटला वॉर्डला त्या दिवसांत आठवला असेल.

आणि मग ११ मार्च १८१२ चा दिवस.

संध्याकाळी सहाच्या सुमारास वॉर्ड आपल्या खोलीत काम करत होता. धूर दिसला. दालनाच्या दक्षिण टोकाला विलायतेहून आलेल्या कागदाची रास होती, आग तिथे लागली होती. त्याने आधी सगळी दारं-खिडक्या लावून घेतली. हवा मिळाली नाही तर आग आतल्या आत गुदमरेल, हा कारखानदाराचा विचार. मग माणसं छपरावर चढवली, वरून भोक पाडलं आणि पाणी ओतत राहिले. चारेक तास हे चाललं आणि आग आटोक्यात येईल असं वाटू लागलं. तेवढ्यात कुणीतरी, मदत म्हणूनच, एक खिडकी उघडली. वारा आत शिरला आणि दालन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटलं. मध्यरात्रीपर्यंत छप्पर खाली आलं.

बाराशे रीम कागद गेला. चौदा भाषांचे खिळे वितळून गेले. कॅरीने वर्षानुवर्षं खपून लिहिलेली हस्तलिखितं, त्यांत भारतीय भाषांचा एक मोठा तुलनात्मक कोश, राख झाली. नुकसान सत्तर हजार रुपयांचं. कॅरी कलकत्त्याला होता. सकाळी मार्शमनने जाऊन सांगितलं तेव्हा तो सुन्न बसून राहिला.

वॉर्ड मात्र उजाडल्यापासून ढिगाऱ्यात उतरलेला होता. राख अजून गरम होती. मुद्रक म्हणून त्याला काय शोधायचं ते ठाऊक होतं. खिळ्याचं शिसं सव्वातीनशे अंशांच्या आतबाहेर वितळतं, ते वाचणार नव्हतंच. तांबं वितळायला हजाराच्या वर उष्णता लागते आणि पोलाद तर त्याहून कितीतरी चिवट. म्हणजे ठसे आणि मातृका असायला हव्यात. होत्या. एक एक करत पोलादी ठसे निघाले, काळे पडलेले पण धड, आणि हजारो मातृकाही. कॅरी आणि मार्शमन संध्याकाळी परत आले तेव्हा वॉर्डने त्यांना ही बातमी दिली. पंचाननने आणि मनोहरने बारा वर्षांत कोरलेलं बहुतेक सगळं वाचलं होतं. छापयंत्रं बाजूच्या खोलीत होती म्हणून तीही राहिली.

वितळलेलं शिसं जमिनीवर थिजून पडलं होतं. तेच उचललं, पुन्हा वितळवलं आणि नवे खिळे ओतले. शेजारीच एक मोठी वखार नुकतीच रिकामी झाली होती, तिथे यंत्रं मांडली. ओतारी रात्रंदिवस पाळ्या लावून बसले. थोड्याच आठवड्यांत पहिली पानं बाहेर पडली आणि वर्ष उलटायच्या आत बहुतेक लिप्या पुन्हा उभ्या झाल्या. इंग्लंडमध्ये ही बातमी पोचल्यावर दोन महिन्यांत नुकसान भरून निघेल एवढे पैसे जमले. ‘सिंहासनबत्तीशी’ आणि ‘हितोपदेश’ ही मराठी पुस्तकं या आगीनंतरची आहेत. म्हणजे मोडीचे ते खिळे एक तर आगीतून वाचलेल्या ठशांची लेकरं, नाहीतर नव्याने कोरलेली. कसंही असो, ती पानं राखेतून उठलेल्या कारखान्याची आहेत. १८०० ते १८३२ या काळात तिथून चाळीस भाषांत दोन लाख बारा हजार पुस्तकं निघाली असा हिशेब आहे.

वॉर्डची एक बाजू अशी आहे की ती झाकून त्याची आठवण काढणं बरोबर होणार नाही. हिंदूंचे ग्रंथ, चालीरीती आणि देवदेवतांवर त्याने चार खंडांचं मोठं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं अफाट साहित्य आहे आणि सतीसारख्या प्रथेवरचा त्याचा संताप खरा आहे. पण ज्यांच्याबरोबर तो रोज एका छपराखाली काम करत होता, त्यांच्या श्रद्धेबद्दल त्यात कितीतरी ठिकाणी निव्वळ तिटकारा आहे. विलायतेतल्या वाचकांचं हिंदुस्थानाविषयीचं मत त्या पुस्तकाने कलुषित केलं आणि ते कलुष बराच काळ टिकलं. मनोहरच्या हाताचं मोल जाणणारा माणूस मनोहरच्या देव्हाऱ्यापुढे मात्र आंधळा होता. सेरामपूरचं मराठी बायबलही मुंबईकडच्या लोकांना नीट कळेना, तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांना आपलं भाषांतर वेगळं करावं लागलं. कसब होतं, श्रम होते, तरी भाषेचं मर्म घरच्या माणसाविना हाती येत नाही.

१८१८ च्या अखेरीस वॉर्ड खालावलेल्या प्रकृतीने विलायतेला गेला. विश्रांती नावालाच. सेरामपूर कॉलेजासाठी तो गावोगाव बोलत फिरला. १८२० मध्ये अमेरिकेत गेला आणि दहा हजार डॉलर जमवले. देणाऱ्यांनी अट घातली की हा पैसा उपदेशक घडवण्याकडेच लागावा, विज्ञान शिकवण्याकडे नको. कॅरी या अटीवर चिडला, विज्ञानाशिवाय कसलं शिक्षण, असं त्याचं म्हणणं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने कॉलेजाला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. प्रत्यक्षात धर्मशास्त्राची पहिली पदवी दिली गेली ती १९१५ साली. पुढे त्या सनदेची सावली देशभरच्या धर्मविद्यालयांवर पडली आणि यवतमाळला स्थापन झालेलं विद्यालयही तिच्यात आलं.

वॉर्डने त्या पदव्या पाहिल्या नाहीत. १८२१ मध्ये तो परतला. ५ मार्च १८२३, बुधवार, संध्याकाळी त्याने नेहमीसारखा उपदेश केला. दुसऱ्या दिवशी पटकीने गाठलं. शुक्रवारी, सात तारखेला, तो गेला. त्रेपन्न वर्षांचं वय. तिघांत तो सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांच्या आधी गेला. सेरामपूरच्या मिशनच्या दफनभूमीत तो आहे.

कारखाना चालू राहिला. मनोहर चाळीस वर्षं तिथे ठसे कोरत होता. १८३९ साली जेम्स केनेडी नावाचा एक मिशनरी तिथे गेला आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. बायबलासाठी अक्षरं घडवणारा तो म्हातारा लोहार उकिडवा बसला होता. डोक्यावर भिंतीत त्याच्या देवाची मूर्ती होती. तिच्या नजरेखाली बसल्याशिवाय तो कांडीला हात लावत नसे.